पाठीमागे ‘माहीम पार्क’

प्रश्न : आजीचे दोन फोटो सापडले. एक दादर चौपाटीवरचा, दुसरा शिवाजी पार्कातला. पाठीमागे पेन्सिलीने ‘माहीम पार्क’. म्हणजे ते १९२७च्या आधीचे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : नाही हो! शिवाजी पार्काचं ‘माहीम पार्क’ हे जुनं नाव १९२७ला बदललं खरं, पण जुन्या माणसांच्या तोंडातून ते जातंय थोडंच? माझे काका शेवटपर्यंत ‘व्हीटी’च म्हणायचे. पेन्सिल सोडा, आजीच्या खांद्यामागे बघा. अश्वारूढ शिवाजी महाराज दिसताहेत. तो पुतळा १९६६चा. चौपाटीच्या फोटोत बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराची जागा आहे, पण चैत्यभूमीचा स्तूप नाही. तो १९७१च्या डिसेंबरातला. दोन्हींत लुगडं तेच, काठाजवळचं ठिगळसुद्धा. म्हणजे फोटो मधल्या पाचेक वर्षांतले.