चार्ल्स तिसराच का? राजांच्या नावामागचे आकडे आणि गादीचा क्रम

तुमचे प्रश्न दोन आहेत. तिसरा चार्ल्स, आठवा एडवर्ड हे आकडे ठरतात कसे, आणि युवराज विल्यमची मुलगी शार्लट तिच्या धाकट्या भावाच्या, लुईच्या पुढे कशी? आधी आकडे घेतो, खरी गंमत तिथेच आहे.

आधी कुणाला मोजायचं ते ठरतं, मग आकडा पडतो. इंग्लंडची मोजणी सुरू होते १०६६ पासून, नॉर्मंडीच्या विल्यमने देश जिंकला तिथून. त्याआधी तीन एडवर्ड राज्य करून गेले होते. त्यातल्या शेवटच्याने तर वेस्टमिन्स्टरचं मठमंदिर उभारलं, जिथे आजही राज्याभिषेक होतो. तरी १२७२ मध्ये गादीवर आलेला एडवर्ड 'पहिला'! सगळे धरले तर १९३६ मध्ये गादी सोडणारा आठवा एडवर्ड अकरावा निघेल. त्याचा राज्याभिषेकही झाला नव्हता, पण त्याने आकडा हुकत नाही. आधीचा राजा गेला त्या क्षणी पुढचा राजा झालेला असतो, मुकुट नंतर सवडीने. १४८३ मध्ये जेमतेम दोन महिने नावापुरता राजा असलेला बारा वर्षांचा पोरही 'पाचवा एडवर्ड' म्हणून मोजला जातोच.

एका नावाची पहिलीच व्यक्ती असेल तर इंग्रज आकडा लावत नाहीत. घरात जुना राणीछाप रुपया असेल तर काढून बघा. नुसतं 'व्हिक्टोरिया क्वीन', १८७७ पासूनच्या नाण्यांवर 'एम्प्रेस'. तिच्या मुलाच्या रुपयावर मात्र 'एडवर्ड'पुढे रोमन लिपीतला सात. हिंदुस्थानचा बादशहा म्हणून तो पहिलाच एडवर्ड, पण आकडा इंग्लंडच्या हिशेबातला. बरं, त्याचं पाळण्यातलं नाव अल्बर्ट एडवर्ड. आईची इच्छा होती त्याने दोन्ही नावं लावावीत, पण यानं अल्बर्ट गाळलं. पुढे सहावा जॉर्जही मुळात अल्बर्टच. गादीवर बसताना नाव निवडायची मुभा असते, म्हणून दोन अल्बर्ट राजे झाले आणि इंग्लंडच्या यादीत अल्बर्ट नावाचा राजा एकही नाही.

आकड्यावरून खरं रण पेटलं ते स्कॉटलंडात. १९५२ मध्ये एलिझाबेथ 'दुसरी' झाली. पण पहिली एलिझाबेथ वारली १६०३ मध्ये, आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स त्यानंतर इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. म्हणजे ती स्कॉटलंडची राणी कधी नव्हतीच. मग ही दुसरी कुठून आली? एडिनबरात राणीच्या नावाची आद्याक्षरं आणि दोनचा आकडा असलेली नवी टपालपेटी बसवली, तिची आधी नासधूस झाली आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये ती स्फोटाने उडवून दिली. शेवटी तिथल्या पेट्यांवर आकडा न घालता नुसता स्कॉटिश मुकुट आला. प्रकरण कोर्टातही गेलं. राजाने कोणतं बिरुद लावावं हा राजाचा अधिकार, असं म्हणून कोर्टाने दावा फेटाळला. चर्चिलने तोडगा सुचवला: दोन्ही देशांच्या याद्यांतला जो आकडा मोठा असेल तो लावावा. म्हणजे उद्या जेम्स आला तर आठवा. विल्यमने आपलंच नाव ठेवलं तर तो पाचवा, स्कॉटलंडच्या यादीने चौथा असला तरी.

यापुढे स्वीडनची तर कमालच. सोळाव्या शतकात योहान्नेस माग्नुस नावाच्या बिशपने देशाचा इतिहास लिहिताना पूर्वी कधी नसलेले कार्ल नावाचे राजे घुसडले. पुढे एका कार्ल राजाने तीच यादी प्रमाण धरून स्वतःला 'नववा' म्हणवलं. आज गादीवर असलेला सोळावा कार्ल हा त्याच काल्पनिक पूर्वजांच्या जोरावर सोळावा आहे. आपले वंशावळी लिहिणारे भाट उगाच बदनाम!

आता शार्लट. ब्रिटनमध्ये शतकानुशतकं मुलगे आधी, मुली नंतर असा क्रम होता. २०१३ चा कायदा २६ मार्च २०१५ पासून लागू झाला आणि २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांपुरता हा भेद गेला. शार्लट मे २०१५ मधली, त्यामुळे २०१८ मध्ये लुई जन्मला तरी तिची जागा हलली नाही. तिची आजेआत्या ॲन मात्र धाकटा भाऊ एडवर्ड आणि त्याची मुलं यांच्याही मागे, कारण ती १९५० ची. कॅथलिक व्यक्तीला गादी नाही हा १७०१ चा नियम अजून शाबूत आहे. कॅथलिकाशी लग्न मात्र आता चालतं. दत्तक तिथे अजिबात चालत नाही. आपल्याकडे राजर्षी शाहू दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले, साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये कंपनीने दत्तक नाकारून गिळलं. लंडनच्या गादीला औरस रक्तच लागतं.

आणि थोरल्या मुलाचं घर संपल्याशिवाय धाकट्याचा नंबर लागत नाही. विल्यमला काही झालं तर हॅरी नव्हे, विल्यमची तिन्ही मुलं आधी. व्हिक्टोरिया अशीच आली. तिचा बाप तिसऱ्या जॉर्ज राजाचा चौथा मुलगा, तोही आधीच वारलेला, तरी ती हयात धाकट्या काकांच्या पुढे. ब्रिटनचाच राजा जिथे राज्य करायचा त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये मात्र घराण्यात पुरुष असेतो बाईला गादी नव्हती, म्हणून १८३७ मध्ये ते राज्य काकाकडे गेलं आणि सव्वाशे वर्षांची जोडगादी तुटली. त्या वर्षी तिच्या नावाची द्वाही फिरवली, तिच्यातही एक मेख होती: वारलेल्या चौथ्या विल्यमच्या राणीला दिवस गेलेले असून मूल झालंच, तर त्याचा हक्क राखून.