पाच फ्लॅटची सोसायटी

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचा प्रकल्प मी दोन संध्याकाळी बसून वाचला. फंक्शनची नावे वाचताच कळतात आणि कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, लहान व नेमके आहेत. ही शिस्त तुला ऐरोलीच्या ऑफिसात लागली की मुळातच होती हे मला ठाऊक नाही, पण ती सोडू नकोस. माझी तक्रार दुसरीकडे आहे. तुझ्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये पाच फ्लॅट आहेत, त्यांत राहणाऱ्यांची नावे ‘टेस्ट 1’ ते ‘टेस्ट 5’ अशी आहेत आणि प्रत्येकाचे बिल बरोबर 1000 रुपये आहे. घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायटीसाठी तू हे काम करतो आहेस, तिथे 212 फ्लॅट आहेत. पुढे लिहिलेल्या चुका तुला दिसल्या नाहीत, याचे कारण हे पाच सज्जन शेजारी आहेत.

थकबाकीच्या यादीत तू आधी सगळे फ्लॅट मागवतोस आणि मग लूपमध्ये प्रत्येक फ्लॅटची थकबाकी वेगळ्या क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला घातलेल्या वेगळ्या प्रश्नाने, विचारतोस. पाच फ्लॅटना सहा क्वेरी लागतात, 212 फ्लॅटना 213. जांभळी नाक्यावरून कांदे आणून घरी ठेवायचे, मग बटाट्यांसाठी पुन्हा जायचे आणि कोथिंबिरीसाठी तिसऱ्यांदा, असा हा बाजारहाट आहे. सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यातल्या एका फेरीला 2 मिलिसेकंद धरले, तरी 426 मिलिसेकंद नुसत्या येण्याजाण्यात जातात. तुझ्या लॅपटॉपवर दोन्ही एकाच यंत्रात असल्यामुळे हा खर्च जाणवत नाही. ओआरएम, म्हणजे आपल्या वतीने क्वेरी लिहिणारी लायब्ररी, वापरणाऱ्यांकडून ही चूक सर्रास होते, कारण कोडमध्ये क्वेरी दिसतच नाही. फ्लॅटची बिले मागणारा एखादा निरुपद्रवी शब्द असतो आणि क्वेरी मागच्या मागे सुटते. म्हणून काम करताना क्वेरीचा लॉग, म्हणजे सुटलेल्या क्वेरींची नोंद, शेजारच्या खिडकीत चालू ठेव आणि एक पान उघडल्यावर किती ओळी सरकतात ते मोज. या यादीसाठी जॉइन लावून, म्हणजे दोन टेबले एकाच क्वेरीत जोडून, बेरीज डेटाबेसकडूनच करून घ्यावी.

ती एकटी क्वेरीही रेंगाळली, तर कॅशिंगच्या, म्हणजे उत्तरे साठवून ठेवण्याच्या, मागे लागण्याआधी तिच्यापुढे ‘एक्सप्लेन’ लावून ती कशी चालेल याचे उत्तर वाच. मायएसक्यूएल या डेटाबेसने ‘टाइप’च्या रकान्यात ‘ऑल’ लिहिले, तर ते अख्खे टेबल चाळत आहे असे समज. तू पेमेंटच्या तारखेवर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधाची सूची, केला आहेस, पण अटीत ती तारीख ‘इयर’ या फंक्शनमध्ये गुंडाळली आहेस. इंडेक्स तारखांचा असल्याने नुसत्या वर्षाच्या शोधात तो कामी येत नाही. शिवाय ते फंक्शन जानेवारी ते डिसेंबर मोजते, आणि सोसायटीचे हिशेब एप्रिल ते मार्च चालतात! या 1 एप्रिलपासून पुढच्या 1 एप्रिलच्या आधीपर्यंत अशी सरळ मर्यादा दिलीस, तर दोन्ही दोष एकदम जातील.

आता नावांकडे वळतो. डि'सोझा हे आडनाव रोमन लिपीत टाइप केल्यावर तुझा शोध कोसळला, कारण नावातल्या त्या वरच्या स्वल्पविरामाने तुझ्या क्वेरीचे अवतरण मध्येच बंद केले. तू उपाय काय केलास, तर नावांत ते चिन्हच चालणार नाही असा नियम घातलास. हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. त्या कुटुंबाचे आडनाव बरोबर आहे. तू शब्दाला शब्द जोडून क्वेरी शिवतोस, ते चुकीचे आहे. ज्या फटीतून एक साधे आडनाव पान मोडते, त्याच फटीतून कोणी जाणूनबुजून लिहिलेला मजकूर सगळ्यांची बिले वाचू शकतो. पीएचपी भाषेत डेटाबेसशी बोलणाऱ्या पीडीओचे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर, म्हणजे आधी क्वेरीचा साचा आणि मग मूल्य अशी ती वेगळी द्यावी लागतील आणि नावातला मजकूर क्वेरीचा भाग समजला जाणार नाही.

सूचनांचे मथळे कापणारे फंक्शनही बदलावे लागेल. ‘ठाणे’ या शब्दात वाचणाऱ्याला दोन अक्षरे दिसतात, युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हसूचीच्या हिशेबाने ती चार चिन्हे आहेत आणि यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत त्यांचे 12 बाइट होतात. लांबी मोजणारे पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ 12 सांगते, ‘एमबी-स्ट्रलेन’ 4 सांगते. तू बाइट मोजून कापतोस, त्यामुळे मराठी मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो; चिन्हे मोजून कापलेस तरी मात्रा गळून ‘ठाण’ उरू शकेल. मथळा पूर्ण पाठव आणि दिसण्यापुरता तो पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसला कापू दे. टेबलाची जुनी ‘यूटीएफ8’ मांडणीही बदलून ‘यूटीएफ8एमबी4’ कर, कारण जुनीत एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात, इमोजीला चार लागतात, आणि कोणत्याही सोसायटीचे सेक्रेटरी सूचनेच्या शेवटी हात जोडल्याशिवाय राहत नाहीत.

तारखांबाबत मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका ग्राहकासाठी मी वसुलीचा अहवाल केला होता. सर्व्हरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, होती; ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि मी तारीख थेट तिथून उचलली होती. 1 एप्रिलला मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत भरलेले पैसे 31 मार्चच्या नावावर, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात पडले. मी दिवसा चाचणी करत असल्यामुळे मला सगळे बरोबर दिसत होते. चूक त्यांच्या हिशेबनिसांनी पकडली आणि दुरुस्तीचे पूर्ण दोन दिवस मी त्यांच्या शेजारी बसून काढले. वेळ यूटीसीत साठवणे योग्यच आहे, मात्र ‘कोणता दिवस’ हे ठरवताना ती भारतीय वेळेत आणूनच ठरवावी.

पैशांसाठी फ्लोट, म्हणजे दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार, वापरू नकोस. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये 0.1 + 0.2 करून बघ, उत्तर 0.30000000000000004 येईल. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेव किंवा दशांश नेमके साठवणारा डेसिमल प्रकारचा रकाना घे. आणि पेमेंटच्या कोडमधला, चूक पकडून गुपचूप गिळणारा तो रिकामा ‘कॅच’ आजच काढ. तिथे चूक झाली तर कोणालाही कळणार नाही.

या आठवड्यात नवीन काही बांधू नकोस. 212 फ्लॅट भरणारी एक छोटी स्क्रिप्ट लिही. तिच्यात मराठी नावे असू देत, डि'सोझा असू देत, 1847 रुपये 50 पैशांचे बिल असू दे, दोन फ्लॅटचा एकच मालक असू दे आणि रात्री एक वाजता भरलेले पैसेही असू देत. मग यादीचे पान उघड आणि दुरुस्तीच्या आधी व नंतर लॉगमध्ये किती क्वेरी आल्या, ते दोन आकडे मला कळव. रविवारी सकाळी मी घरीच आहे. लॅपटॉप घेऊन आलास, तर एक्सप्लेनचे उत्तर आपण दोघे मिळून वाचू.

तुझा हितचिंतक