हिवाळ्यात गडद, ठसठशीत रंग कसे वापरावेत?

थंडीतला आपला सर्वांत ठळक रंग काळा आहे. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा हा रंग जानेवारीतल्या मकर संक्रांतीला मुद्दाम वापरतात, कारण तो उन्हाची उष्णता शोषून घेतो, आणि हलव्याच्या पांढऱ्याशुभ्र दागिन्यांमुळे काळी चंद्रकळा किती खुलून दिसते, हे पाहिलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. याच जोडणीचे तत्त्व इतर रंगांनाही लावावे: डाळिंबी, वांगी किंवा मोरपंखी यांपैकी एकच रंग प्रमुख ठेवून बाकीचे कपडे मोतिया किंवा राखाडी निवडावेत. लोकरीवर रंग शांत दिसतो, रेशमावर चमकतो. त्यामुळे भडक वाटणारा राणी रंग मी तरी शालीत किंवा स्वेटरमध्येच घेईन. खरेदीपूर्वी कापड दिवसाच्या उजेडात अवश्य पाहावे.