शहरी इमारतीच्या प्रकल्पासाठी साइट पुण्यात घ्यावी की आपल्या धुळ्यात?

बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला 'शहरी भागातील इमारत' हा डिझाइनचा विषय आहे, धुळ्याची साइट घेतली तर ज्युरी, म्हणजे डिझाइन तपासणारे परीक्षक, नाक मुरडतील का, सीनियर म्हणतात तशी पुण्याची घ्यावी का, आणि ज्युरीपुढे नेमकं काय मांडावं, असं तुम्ही विचारलंय. धुळ्याची घ्या. डोळे झाकून घ्या.

'धुळं म्हणजे मोठं खेडं' हे तुमच्या सीनियरचं वाक्य मी भर ज्युरीत ऐकलंय, म्हणून एवढं ठाम सांगतेय. माझं माहेर धुळ्यातल्या एका जुन्या गल्लीतलं. आमच्या बॅचमधले बहुतेक जण पुण्या-मुंबईच्या साइट घेऊन बसले होते, कुणाचा नदीकाठ, कुणाचा मेट्रो स्टेशनजवळचा टॉवर. मी आमच्या गल्लीतला पडका वाडा घेतला. दर्शनी रुंदी 15 फूट, आतली खोली 70 फूट, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. खाली दुकान आणि मागे शिवणकामाचा कारखाना, वर तीन पिढ्यांचं घर, असा प्रोग्रॅम, म्हणजे इमारतीत काय काय असणार याची यादी, मी लिहिला. टेप घेऊन गल्ली मोजत होते, तर ओट्यावर बसलेली आजी म्हणाली, "कसाले मोजी ऱ्हायनी वं माय? आमनं घर पाडतस का?" तिला समजावून सांगितलं, मग तिनेच मला आत नेलं, धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर चढवलं, आणि तासभर बोलत राहिली. माझ्या प्रोग्रॅमचा अर्धा भाग तिने सांगितला.

ती म्हणाली, घर चार माणसांचं नसतं, घर आखाजीचं असतं. अक्षय्यतृतीयेला सगळ्या लेकी पोरंबाळं घेऊन माहेरी येतात. झोका बांधायला मजबूत सरा, म्हणजे छताची लाकडी तुळई लागते. पुरणाचे मांडे करायचे तर पालथं खापर, खाली लाकडाचा जाळ, आणि मांडा हातावर पसरायला बाईच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. हे गॅसच्या ओट्यापाशी होत नाही, मागचं अंगणच लागतं. बिबडे, कुरडया वाळवायला धाबं लागतं, आणि रात्री त्याच धाब्यावर अंथरुणं पडतात. एका माणसामागे इतके चौरस फूट हा हिशेब आखाजीच्या आठवड्यात कोसळतो. मी माझं घर त्या आठवड्यावर बेतलं.

ज्युरीत बाहेरून आलेले एक सर माझ्या शीटसमोर उभे राहिले. मागच्या अंगणावर पेन ठेवून म्हणाले, "ही जागा वाया गेली." ओट्यावर फुली मारली, "हे अतिक्रमण." मग मागे सरून म्हणाले, "ड्रॉइंग चांगलंय, पण यात शहर कुठाय? हे मोठं खेडं आहे."

मी तेव्हाही उत्तर दिलं होतं, आता सविस्तर देते. 1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळं खानदेश जिल्ह्याचं मुख्य ठाणं केलं आणि नवी वस्ती आखून घेतली. व्यापारी-कारागिरांनी येऊन राहावं म्हणून घरांसाठी जागा बिनभाड्याने दिल्या, बांधकामाला उचल दिली. सरळ, एकमेकींना समांतर गल्ल्या आपोआप उगवत नाहीत, त्या कुणीतरी आखाव्या लागतात. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असा पत्ता आपण आजही सांगतो. खाली धंदा आणि वर बिऱ्हाड, सामाईक भिंती, आग्रा रोडसारखा बाजार, 1872 च्या पांझरेच्या पुराचा फटका खाऊन पुन्हा उभी राहिलेली घरं. शहर म्हणायला आणखी काय लागतं? उंचीच हवी असेल तर जळगावला महापालिकेची सतरा मजली इमारत आहे. पण जळगावचं शहरपण बघायचं तर माणूस दाणाबाजारात आणि फुले मार्केटात जातो.

पुण्याची साइट घेऊन तुम्ही काय कराल, तेही सांगते. दोनदा जाल, फोटो काढाल, बाकीचं गूगल मॅपवरून उचलाल. धुळ्यात तुम्ही दुपारी दोनला जाऊ शकता, रात्री नऊला जाऊ शकता, आणि कुणाच्याही घरात पाणी प्यायला बसू शकता. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. त्या उन्हात पश्चिमेला काचेची भिंत काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करेन, मग रेंडर कितीही देखणा असो.

ज्युरीला काय दाखवायचं, तर सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं आतलं दाखवणारं ड्रॉइंग. प्लॅनपेक्षा सेक्शनवर मेहनत घ्या, रस्ता, ओटा आणि समोरचं घर धरून, 1:50 मध्ये. धुळं साधारण 21 अक्षांशावर आहे, म्हणजे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45 अंश वर असतो आणि सावली भिंतीच्या उंचीएवढी पडते. घरातला उघडा चौक 10 फूट रुंद आणि त्याच्या दक्षिणेची भिंत 20 फूट उंच असेल, तर हिवाळ्यात ऊन समोरच्या तेवढ्याच उंच भिंतीच्या वरच्या निम्म्या भागालाच लागतं, खालच्या खोल्या अंधाऱ्या राहतात. मे अखेरीस तोच सूर्य दुपारी डोक्यावर येतो आणि चौकाची फरशी तापते, तेव्हा वर ताडपत्री किंवा बांबूचा तट्ट्या ओढायची सोय हवी. हे काढून दाखवलंत तर 'कॉन्टेक्स्ट कुठाय', म्हणजे इमारतीचं परिसराशी नातं कुठाय, असं विचारायला जागाच उरत नाही. जुन्या घरांचं धाबंही नीट बघा. सरे, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. तो जाड थर दिवसाचं ऊन खाली यायला उशीर लावतो. तुमचा स्लॅब चार-पाच इंचांचा असणार, तर त्याच्यावर काय घालणार ते लिहा.

आणि ओटा सोडू नका. भाजीवाली टोपलं टेकवते, म्हातारी माणसं संध्याकाळ काढतात, पोरं अभ्यासाला बसतात, ते सगळं ओट्यावर. गटारीवर आलेला ओटा अतिक्रमण ठरतो हे खरं आहे. म्हणून तो तुमच्या हद्दीत मागे घ्या, दुकानाची दर्शनी भिंत चार फूट आत ढकला. जमीन तुमची, बसायची जागा गल्लीची. माझ्या त्या शीटवर ओटा हद्दीच्या आतच होता. फुली मारताना सरांनी हद्दीची रेघ बघितली नव्हती.

काही गोष्टी मात्र आधीच तपासा. नगर भूमापन कार्यालयातून सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका काढा. जुन्या गल्ल्यांत कागदावरची हद्द आणि प्रत्यक्ष भिंत पुष्कळदा जुळत नाही. डिसेंबर 2020 पासूनच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीसाठी वेगळे नियम आहेत, समासाचे, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचे आकडे तिथूनच घ्या. अरुंद गल्लीत अग्निशमनाची गाडी कुठपर्यंत येईल हा प्रश्न येणारच, म्हणून बाहेर पडायचा दुसरा मार्ग काढून ठेवा. विषय मोठं रुग्णालय किंवा बस टर्मिनस असेल तर जुन्या गल्लीचा हट्ट धरू नका, साइट देवपूर किंवा हायवेच्या बाजूला शोधा. आणि गाइडची संमती सत्राच्या सुरुवातीलाच शीटवर सहीनिशी घ्या, म्हणजे शेवटच्या ज्युरीत साइट बदलायला कुणी सांगणार नाही.