लोन लवकर फेडायचंय, पण घरात बोलणंच बंद झालंय

पत्र:
ताई, आम्ही मोशीला राहतो. मिस्टर चाकणला एका कंपनीत आहेत, पगार हातात ५२ हजार, मी शाळेत क्लार्क आहे १६ हजारांवर. मुलगी तिसरीत. २०२२ च्या मार्चमध्ये ३० लाखांचं होमलोन काढून फ्लॅट घेतला. गेल्या वर्षी यांनी बँकेचं स्टेटमेंट काढलं तर ३ वर्षांत ९ लाख भरून मुद्दल फक्त सव्वा लाखाने कमी झालेलं. त्या दिवसापासून माणूस बदललाच. २६ हजारांचा हप्ता आहेच, त्यावर दर महिन्याला २० हजार जास्तीचे भरतात, ६ वर्षांत लोन बंद करायचं म्हणतात. आता २६ लाख बाकी आहेत. सासूबाईंना गावी ४ हजार पाठवले की १८ हजारांत सगळं घर. माझं एटीएम कार्ड त्यांच्याकडे असतं. रोज रात्री खर्च व्हॉट्सॅपवर लिहून पाठवायचा. वेलची कशाला आणली यावरून बोलणी बसली. मुलीचा कथकचा क्लास बंद केला, लातूरला माहेरी दोन वर्षं गेले नाही. भाऊबीजेला आईने दिलेले ३ हजार मी डाळीच्या डब्यात ठेवले होते ते यांना सापडले तर म्हणाले, तू घरात चोरी करतेस. तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. घर लवकर आपलं व्हावं असं मलाही वाटतं, पण इथे जीव घुसमटतो. मी चुकतेय का?

उत्तर:
नाही गं, तू चुकत नाहीयेस. आणि आधी त्या ३ हजारांचं बोलू, लोनचं नंतर. आईने भाऊबीजेला लेकीच्या हातावर ठेवलेले पैसे तुझे आहेत, ते स्त्रीधन आहे, ते कुठे ठेवायचे आणि कशावर खर्च करायचे हे तुझं तू ठरवायचंस. त्याला चोरी म्हणणं चूक आहे आणि हे तुझ्या नवऱ्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं, म्हणून मी इथे लिहितेय, त्याला वाचायला दे. तसंच ते एटीएम कार्ड. तू रोज शाळेत जाऊन कमावतेस, ते कार्ड तुझ्या पर्समध्ये पाहिजे. लोनला पैसे द्यायला तुझी ना नाहीये हे तुझ्या पत्रातच दिसतंय, मग तुझ्या खात्यातून ठरलेली रक्कम तू स्वतः ट्रान्सफर करशील ना, त्यासाठी कार्ड काढून घ्यायची गरज काय? मागूनही तो देत नसेल, किंवा मागायचीच भीती वाटत असेल, तर मग हा बजेटचा प्रश्न उरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळही धरलेला आहे, हे माहीत असू दे. तसं असेल तर मला वेगळं पत्र लिही, त्याचं उत्तर वेगळं देईन.

पण तुझं पत्र मी तीन-चारदा वाचलं आणि मला तो माणूस दुष्ट वाटला नाही, घाबरलेला वाटला. 'त्या दिवसापासून बदलला' असं तूच लिहिलंयस. मी बरीच वर्षं पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर होते, स्टेटमेंट बघून चेहरा उतरलेली माणसं खूप बघितलीत. ९ लाख भरले आणि सव्वा लाख उतरले म्हटल्यावर कुणालाही आपण लुटलो गेलो असंच वाटणार.

काय झालं ते समजून घ्या दोघंही. २०२२ च्या मार्चमध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता, होमलोन ७ टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. ३० लाख, २० वर्षं, ७ टक्के म्हणजे हप्ता साधारण सव्वातेवीस हजार. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेट वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला, म्हणजे तुमचं लोन साडेनऊच्या घरात. आता साडेनऊने ३० लाखांचं नुसतं व्याजच महिन्याला पावणेचोवीस हजार होतं! म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा बसत नव्हतं, म्हणून बँकेने हप्ता वाढवला आणि बहुतेक मुदतही लांबवली, आणि असे मेसेज आपण नीट वाचत नाही. तर ते पैसे कुणी खाल्ले नाहीत आणि तुमच्या दोघांचंही काही चुकलेलं नाही, तुम्ही अगदी तळाच्या रेटला लोन घेतलंत आणि लगेच चढ लागला. हे त्याला नीट कळलं तर अर्धा राग तिथेच उतरेल असं मला वाटतं.

पुढची गोष्ट, २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारी ते डिसेंबर मिळून सव्वा टक्क्याने खाली आला. तुमचा रेट खाली आलाय का, हे आधी तपासा. लोन रेपोला जोडलेलं असेल तर आपोआप उतरायला हवा, बँकेने स्वतः ठरवलेल्या दराला जोडलेलं असेल (जुन्या लोनचं एमसीएलआर असतं तसं) तर उशिरा आणि कमी उतरतो. ब्रांचमध्ये जाऊन तीन गोष्टी लेखी विचारा, आजचा माझा रेट किती, नवीन ग्राहकाला आज किती देता, आणि त्या रेटवर जायचं असेल तर फी किती. बहुतेक बँका थोडी फी घेऊन रेट बदलून देतात. अर्धा टक्का जरी कमी झाला तर २६ लाखांवर वर्षाला १३ हजार होतात. अगं किती वर्षांची वेलची होईल त्यात! घरातल्या सगळ्यात मोठ्या खर्चाकडे न बघता सगळ्यात लहान खर्चावर भांडायचं, हे मी घराघरांत बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं.

आता मुख्य हिशोब. हा कागदावर लिही आणि त्याच्यासमोर ठेव. मी रेट सव्वाआठ धरलाय, तुमचा वेगळा असेल तर आकडे थोडे हलतील. २६ लाख बाकी, हप्ता २६ हजार, जास्तीचं काहीच भरलं नाही तर लोन साधारण १४ वर्षं चालेल आणि अजून १८ लाख व्याज जाईल. महिन्याला १० हजार जास्त भरले तर ८ वर्षं ४ महिन्यांत संपतं आणि व्याज १० लाखांवर येतं. आणि २० हजार जास्त भरले, जसे तो आता भरतोय, तर ६ वर्षांत संपतं, व्याज ७ लाख.

दिसलं का? पहिल्या १० हजारांनी जवळजवळ ६ वर्षं कमी केली आणि ८ लाख वाचवले. दुसऱ्या १० हजारांनी सव्वादोन-अडीच वर्षं आणि ३ लाख. ३ लाख कमी नाहीत, मी तसं म्हणणारच नाही, पण त्या दुसऱ्या १० हजारांसाठी तुमच्या घरातून काय काय गेलं ते बघ. लेकीचं कथक गेलं, तुझं माहेर गेलं, वेलची गेली, आणि नवरा-बायकोचं बोलणं गेलं. पहिले १० हजार भरताना यातलं काहीच जायची गरज नव्हती. लोन लवकर फेडायचा त्याचा हट्ट बरोबर आहे, अगदी बरोबर आहे, मी तर म्हणते तूही त्याच्या बाजूने उभी राहा. फक्त आकडा एकट्याने ठरवलाय आणि जरा जास्त ठरवलाय.

दुसरं मला खरंच काळजीचं वाटलं ते म्हणजे तुमच्याकडे हाताशी काहीच नाहीये. तू लिहिलं नाहीस, पण या हिशोबात बाजूला पडायला पैसाच उरत नाही. लोनमध्ये टाकलेला पैसा सहज परत मिळत नाही (काही बँकांचं ओव्हरड्राफ्टवालं होमलोन असतं त्यात काढता येतो, तुमचं साधं दिसतंय). उद्या कंपनीत ब्लॉक क्लोजर आला, म्हणजे काही दिवस काम बंद ठेवलं, ओव्हरटाइम बंद झाला, सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, तर बँक असं म्हणणार नाही की तुम्ही मागे जास्तीचे भरलेत, या महिन्यात हप्ता राहू द्या. मग पर्सनल लोन, नाहीतर क्रेडिट कार्ड, सव्वाआठचं कर्ज फेडायच्या नादात त्याहून बरंच जास्त व्याजाचं घ्यायचं. जास्तीचं भरणं सध्या थांबवा आणि त्यातले १० हजार आरडीत टाका, वर्षभरात सव्वा लाखाच्या जवळ जातील, दिवाळीचा बोनस त्यातच टाका. उरलेले १० हजार घरात येऊ देत. चार महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च निघेल एवढी रक्कम व्हायला हवी, ती एका वर्षात पूर्ण होणार नाही, पण वर्ष संपलं की जास्तीचे १० हजार लोनला सुरू करा, बोनस आरडीच्याच ढिगात जात राहू दे. असं केलं तरी लोन ९ वर्षांच्या आत संपतं, म्हणजे लेक बारावीत असेल तेव्हा. कॉलेजची फी सुरू व्हायच्या वेळेला हप्ता बंद, याहून चांगली वेळ कोणती?

त्याच्या नावाने टर्म इन्शुरन्स आहे का तेही बघ. आणि फ्लॅटच्या इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, तुझं नाव आहे का? नसेल तर शांतपणे विचार, भांडणात नको. तुझाही पगार त्या घरात जातोय.

जास्तीचं भरताना पैसे मुद्दलात धरा आणि मुदत कमी करा, हप्ता कमी करू नका, असं लेखी द्या, नाहीतर कधीकधी ते पुढच्या हप्त्याचे ॲडव्हान्स म्हणून पडून राहतात. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटच्या होमलोनला वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंटचा दंड घेता येत नाही, कुणी मागितला तर नियम दाखवायला सांगा. आणि रेट बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलंय, पुढच्या वेळी मुदत गुपचूप लांबू देऊ नका.

आता रोजच्या सवयी. ते रात्रीचं व्हॉट्सॅप आधी बंद. रोजचा खर्च रोज तपासला की नवरा-बायको राहत नाहीत, साहेब आणि नोकर होतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा, पगार झाल्यावरच्या रविवारी, चहा घेऊन दोघांनी बसायचं, एक साधी वही. पगार आल्या दिवशी हप्ता, आरडी, सासूबाईंचे ४ हजार, मेंटेनन्स, लेकीची फी हे आधी काढायचं, मग किराणा-भाजी-गॅस-पेट्रोलची ठरलेली रक्कम, आणि मग दोघांना प्रत्येकी हजार-दीड हजार ज्यांचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. तू वेलची आण, गजरा घे, त्याला टपरीवर मित्रांना चहा पाजू दे, ज्याचे त्याचे. ही रक्कम लहान असली तरी दोघांना सारखी हवी, तुझा पगार कमी म्हणून तुला कमी असं नको. हे झालं की डब्यात पैसे लपवायची वेळच येत नाही बघ.

काटकसर करायचीच तर जिथे पैसे खरंच वाचतात तिथे करा. पुण्यात किलो-किलोने डाळ घेताय आणि माहेर लातूरचं, जिथे डाळीच्या मिल आहेत! उन्हाळ्याच्या सुट्टीत जा, वर्षाची तूरडाळ, हरभराडाळ तिथूनच भर, ऊन दाखवून ठेव. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, लेकीलाही अर्धंच, म्हणजे तुम्हा दोघींना मिळून एका तिकिटात जाऊन येता येतं, खर्चाचं कारण सांगून माहेर तोडायची काहीच गरज नाहीये. गहू-तांदूळही सोसायटीतल्या दोन-तीन घरांनी मिळून पोत्याने घेतले तर फरक पडतो. बाहेरून मागवलेलं जेवण, दर दोन वर्षांनी नवा मोबाईल हप्त्यावर, लग्नाकार्यातले दिखाऊ आहेर, तिथे हात आखडा. दूध, फळं, औषधं आणि लेकीचा क्लास यांना हात लावू नका. क्लासचं मला फार लागलंय. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला लोन कळत नाही, तिला एवढंच कळतं की बाबांनी नाच बंद केला.

आता त्याच्याशी बोलायचं कसं, कारण तुमचं बोलणंच बंद आहे. भांडणाच्या रात्री नको, त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी. 'तुम्ही मला असं बोललात' इथून सुरू केलंस तर तो बचावाला लागेल. आधी सांग की स्टेटमेंट बघून तुम्हाला केवढा धक्का बसला असेल ते मला आत्ता कळलं, आणि लोन लवकर फेडायचं हे माझंही आहे. मग हा १० हजार आणि २० हजारांचा कागद काढ. आकड्यांचा माणूस आहे, आकडे वाचेल. चोरीच्या शब्दाचं मात्र सोडून देऊ नकोस. कागद वाचून झाला की तेव्हाच, आवाज न चढवता सांग की तो शब्द मला लागलाय आणि तो तुम्ही परत घ्यायला हवा. एवढं मागायचा तुला पूर्ण हक्क आहे.

कथकच्या बाईंना याच आठवड्यात फोन करून बॅच कधी सुरू होतेय ते विचारून ठेव. ब्रांचमध्ये शक्यतो दोघं मिळून जा, अर्ज द्या, पोच घ्या. बँकेने रेट उतरवायला नाही म्हटलं तर त्यांचं उत्तर जसंच्या तसं मला पाठव, दुसऱ्या बँकेत लोन हलवायचं का हे मग प्रोसेसिंग फी आणि बाकीचा खर्च धरून नीट मांडून बघू.