मशीन का रुसलंय? वाचकांचे प्रश्न, आमची खटपट

प्रश्न : नमस्कार सर. मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, भांडुपला घरीच सेटअप आहे. २०१९ ला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून असेंबल केलेला पीसी, आय-७ ८७०० प्रोसेसर, झेड३७० बोर्ड, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, आणि ओपनकोर (साध्या पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर) टाकून त्यावर मॅकओएस व्हेंच्युरा, कारण फायनल कट या ॲपलच्या एडिटिंग सॉफ्टवेअरशिवाय माझा हात चालत नाही. आधी १६ जीबी रॅम होती, दिवाळीत दुसऱ्या कंपनीची अजून १६ टाकली, बायोसमध्ये ३२०० च्या स्पीडला सेट केली. पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा. आता ४के एक्स्पोर्ट लावला की पंधरा-वीस मिनिटांत मशीन फट्कन बंद पडतं. कधी रिस्टार्ट होऊन चार-पाच भाषांतला मेसेज येतो. आणि जेवून आलो की स्लीपमधून उठतच नाही. मॅकओएस तीनदा नव्याने टाकून झालं. मित्र म्हणतात हॅकिंटॉश (ॲपलच्या नसलेल्या पीसीवरचा मॅक) आहे, असंच होणार, खरा मॅक घे. सीझन तोंडावर आलाय आणि मॅकचे पैसे नाहीत.
एक वाचक, भांडुप

उत्तर : "हॅकिंटॉश आहे, असंच होणार" हे ऐकलं की मला आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू आठवतात, पोराला ताप येवो नाहीतर खरूज होवो, त्यांचं निदान ठरलेलं, "मोबाइल बघून झालंय". ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्या मशीनवर चालवायला देतो, त्यामुळे तुमची तक्रार कुठलंच सर्व्हिस सेंटर घेणार नाही, ते धरूनच चला. पण म्हणून प्रत्येक दुखणं मॅकओएसचंच असं कुठंय? तुमच्या पत्रात मला तीन वेगळे आजार दिसतायत आणि तुम्ही तिघांनाही एकच गोळी देताय, नवीन ओएस.

आधी एक काम करा. जुनी एखादी एसएसडी पडली असेल तर मॅकची डिस्क काढून ठेवा आणि त्या एसएसडीवर विंडोज नाहीतर लिनक्स टाका, मग प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट) आणि एखादी ग्राफिक्स टेस्ट दोन्ही सोबत अर्धा तास पळवा, तापमानावर लक्ष ठेवून. तिथेही बंद पडलं तर मॅकओएस सुटलं, निर्दोष. तिथे तो अर्धा तास नीट निघाला तरच ओपनकोरच्या सेटिंगमध्ये डोकं घाला. लोक नेमकं उलटं करतात, आठवडाभर केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) बदलत बसतात आणि स्क्रू ड्रायव्हर शेवटी हातात घेतात.

फट्कन बंद, म्हणजे लाइट गेल्यासारखा काळोख, ना मेसेज ना रिपोर्ट, यात सॉफ्टवेअरला बोलायला वेळच मिळालेला नसतो. ते पॉवरचं काम. कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायचा स्टिकर वाचा, मोठ्या अक्षरातला ४५० नाही, खालचा बारीक तक्ता. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात ॲम्पिअर दिलेले असतात. समजा २८ आहेत, तर १२ गुणिले २८ म्हणजे ३३६ वॅट, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचं जेवण याच पानातून. आरएक्स ५८० चा अधिकृत आकडा १८५ वॅट. ८७०० च्या खोक्यावर ६५ लिहिलंय खरं पण बोर्डाने लिमिट मोकळं सोडलं असेल तर सहाही कोअर कामाला लागल्यावर तो सव्वाशेच्या आसपास जातो. झाले ३१०. पंखे, डिस्क, मधेच येणाऱ्या उसळ्या धरल्या तर हातात काहीच उरत नाही, त्यात सप्लाय इतक्या वर्षांचा आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेतला. यूपीएस असेल तर तोही बघा, ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बऱ्याच घरगुती यूपीएसवर ३६० च्या आसपास वॅट लिहिलेले असतात आणि आपण मॉनिटर, राउटर, स्पीकर सगळं त्याच्यावर लटकवतो. एक एक्स्पोर्ट यूपीएसशिवाय थेट भिंतीच्या सॉकेटवर करून बघा, फुकटची टेस्ट आहे.

माझं स्वतःचं सांगतो. माझं मशीन असंच संध्याकाळी बंद पडायचं, तीन रविवार मी ओएस टाकत बसलो. शेवटी ग्राफिक्स कार्डला जाणारा ८ पिनचा कनेक्टर उपसला तर दोन पिनांभोवतीचं प्लॅस्टिक कटिंग चहाच्या रंगाचं झालेलं, नीट आत बसलाच नव्हता तो, "टक" आवाज आला नव्हता आणि मी घाईत तसाच सोडलेला. पॉवर सप्लाय बदलला, त्यानंतर मशीनने चू केलं नाही. तुम्हीही चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा घ्या, यात पैसे वाचवू नका, आणि जुन्या सप्लायच्या केबल नव्याला लावू नका, त्यांची पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि मग धूर निघतो.

आता तो चार-पाच भाषांतला मेसेज. तो कर्नल पॅनिक, म्हणजे मॅकओएसचा गाभाच कोसळला, आणि त्याचा रिपोर्ट लायब्ररीतल्या लॉग्जमध्ये डायग्नॉस्टिक रिपोर्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो. चार-पाच रिपोर्ट शेजारीशेजारी उघडा. बॅकट्रेसखाली (कोसळताना काय चालू होतं त्याची यादी) दर वेळी तोच बाहेरचा केक्स्ट दिसत असेल तर गुन्हेगार सापडला, तो अपडेट करा नाहीतर काढा. पण दर वेळी वेगळंच नाव येत असेल, आज ग्राफिक्स, उद्या फाइल सिस्टीम, परवा भलतंच, तर मला रॅमचा वास येतो. आणि तुमच्या बाबतीत तो आधीच येतोय. ८७०० ला इंटेलने अधिकृतपणे २६६६ पर्यंतची डीडीआर४ रॅम सांगितलीय, ३२०० म्हणजे ओव्हरक्लॉकच, त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिका (रॅमच्या पट्ट्या) एकत्र. दिवाळीआधी हा मेसेज यायचा का, आठवून बघा बरं. एक्सएमपी (बायोसमधली रॅम वेगात पळवणारी सेटिंग) बंद करा आणि दोन दिवस काम करा, एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे. मग पेनड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर लावा. एकसुद्धा एरर आली तर ती "चालतंय की"मध्ये मोडत नाही. एरर आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा, आणि त्याआधी सोनेरी पिनांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवून घ्या, लॅमिंग्टन रोडवरचा कुठलाही पोरगा आधी हेच करतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

स्लीप हा तिसरा आजार, आणि हा मात्र खरा हॅकिंटॉशचा. बहुतेक वेळा मूळ यूएसबीत असतं, मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट धरतं आणि यूएसबी ३ चा एक सॉकेट त्याच्या लेखी दोन पोर्ट. तुमच्या बोर्डाचा यूएसबी मॅप (कुठले पोर्ट चालू ठेवायचे त्याची यादी) तुम्हालाच बनवावा लागतो. नेटवरून दुसऱ्याचा ईएफआय फोल्डर (ओपनकोर आणि त्याच्या सेटिंगचा) जसाच्या तसा उचलणं म्हणजे शेजाऱ्याचा नंबरचा चष्मा लावून लोकल पकडायला धावणं, बोर्ड तोच असला तरी कुणी कुठले पोर्ट चालू ठेवलेत काय माहीत. पण सीझनच्या तोंडावर हे नको, सध्या स्लीप बंद ठेवा आणि जेवायला जाताना फक्त मॉनिटर बंद करा.

कूलरमधली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट बघालच. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारीख टाकून लिहा, नाहीतर बरं कशाने झालं तेच कळत नाही. आणि व्हेंच्युरा सोडून पुढे पळायची घाई नको, ओपनकोरच्या सेटिंगमध्ये मॉडेल म्हणून आयमॅक १९,१ टाकलं असेल तर सेक्वोया या आवृत्तीपर्यंतच सरळ वाट आहे, आणि इंटेलवर चालणारं शेवटचं मॅकओएस म्हणजे त्यापुढची टाहो आवृत्ती असं ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलंय. या मशीनवर दोन-तीन सीझन काढा, तोवर बाजूला पैसे टाकत राहा.

प्रश्न : गिरगावात लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान आहे. विंडोज ७, पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट. रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते आणि वेबसाइट उघडत नाहीत. शिवाय मधेच सगळं दोन-दोन मिनिटं थिजतं, माउस हलतो पण क्लिक होत नाही, पुढचा लाल दिवा सलग पेटलेला. नवीन विंडोज टाकलं तर फॉन्ट जातील का?
एक वाचक, गिरगाव

उत्तर : तारखेचा इलाज सगळ्यात स्वस्त, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, घड्याळवाल्याकडेही मिळेल. तारीख चुकली की वेबसाइटचं सर्टिफिकेट त्या तारखेला बसत नाही म्हणून त्या उघडत नाहीत, इंटरनेटवाल्याला शिव्या देऊ नका.

तो सलग पेटलेला दिवा मात्र मला आवडला नाही. हार्ड डिस्क एकाच जागेवर वाचायला धडपडतेय. हे वाचून झालं की आधी सगळ्या पत्रिकांचा आणि फॉन्टच्या फोल्डरचा बॅकअप घ्या, तपासण्या नंतर, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर तासभर टेस्ट चालवणं म्हणजे आजारी माणसाला जिने चढायला लावणं. मग सॅटा केबल बदलून बघा, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाद झालेल्या जागा) वाढत असतील तर सॅटाची अडीच इंची एसएसडी आणून जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करून घ्या. एनव्हीएमई या नव्या, जास्त वेगवान एसएसडीच्या फंदात पडू नका, विंडोज ७ मूळ रूपात ती ओळखत नाही.

नवीन विंडोज टाकू नका असंच मी सांगेन, चाललेला गाडा आहे. फक्त विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय आणि त्यावरचं क्रोमही आवृत्ती १०९ वर थांबलंय, म्हणून त्या मशीनची नेटची वायर कायमची काढा. व्हॉट्सॲप, मेल सगळं दुसऱ्या मशीनवर, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी त्या दुसऱ्या मशीनवर स्कॅन करूनच इकडे लावा.

प्रश्न : सहाव्या जनरेशनच्या आय-५ वर मायक्रोसॉफ्टची तपासणी बायपास करून विंडोज ११ टाकलं, दर चार दिवसांनी निळा स्क्रीन येतो आणि वाचायच्या आत जातो. फोटो सोबत पाठवलाय.
एक वाचक, मुलुंड

उत्तर : मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून सुरू होतात, त्यामुळे तुमच्या जुन्या ड्रायव्हरची जबाबदारी कुणावरच नाही. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आपोआप रिस्टार्ट बंद करा म्हणजे कोड स्क्रीनवर थांबेल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ असेल आणि त्यात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा नंबर) शून्य असेल तर वीज तुटली किंवा मशीन इतकं गोठलं की नोंदच झाली नाही, मग वर भांडुपकरांना सांगितलंय ते वाचा. विंडोज १० वर परत जायचं तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, घरगुती वापरासाठीचे जादा सिक्युरिटी अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिलीय, ती सेटिंगमध्ये बघा. आणि पुढचा फोटो फ्लॅश बंद करून काढा, या फोटोत कोडच्या जागी तुमची ट्यूबलाइट आलीय.