विकसनशील देशात शिक्षण मोफत असूनही पालकांना खर्च का करावा लागतो?

शुल्कमाफी म्हणजे फुकट शिक्षण नव्हे. सरकारी तरतुदीचा मोठा भाग शिक्षकांच्या वेतनातच संपतो. त्यामुळे गणवेश, वह्या, प्रवास आणि (बहुधा सर्वांत जड) खासगी शिकवणी यांचा भार घरावरच पडतो. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शुल्क रद्द करताच सरकारी शाळांची पटसंख्या झपाट्याने वाढली. मात्र वर्ग खचाखच भरल्याने ऐपत असलेल्या अनेक पालकांनी खासगी शाळांची वाट धरली. २०१५ च्या इंचॉन जाहीरनाम्यात (दक्षिण कोरियातील जागतिक शिक्षण परिषदेत संमत झालेल्या) सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान ४ ते ६ टक्के सार्वजनिक निधी शिक्षणाला देण्याचा आग्रह आहे. माझ्या मते, तो कोणत्या स्तरावर खर्च होतो हे अधिक निर्णायक ठरते, कारण गरीब घरांतील थोडीच मुले विद्यापीठापर्यंत पोहोचतात आणि तेथील अनुदानाचा लाभ मुख्यतः सुस्थितांच्या पदरात पडतो.